उरलं तर सांगा: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आजपासून नोंदी लिहून ठेवतेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर यावर इतकी चर्चा झालीये की कोण काय बोललं तेच आता सापडत नाही. विषय एवढाच की सोसायटीत घरोघरी आणि कार्यक्रमांना जे अन्न उरतं ते ओल्या कचऱ्यात जायच्या आधी कुणाच्या तरी पोटात कसं जाईल, आणि त्यासाठी मोबाईलचा कितपत उपयोग होईल. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सी विंगच्या काकू निवृत्त शाळामास्तरीण, आणि वॉचमन काका (यांना कुणी विचारलं नव्हतं पण सगळं शेवटी यांच्याच टेबलावर येणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं). एवढीच टीम.

भाच्याचं म्हणणं अ‍ॅप बनवू. मी म्हटलं नको. जर्मनीत फूडशेअरिंग २०१२ पासून चालू आहे, लंडनचं ऑलिओ २०१५ चं, शेजाऱ्याने शेजाऱ्याला उरलेलं द्यायचं हीच दोन्हींची कल्पना, आणि ती चाललीही. पण आपल्याकडे सोसायटीच्या माणसाच्या फोनमध्ये आधीच गेटचं अ‍ॅप, मेंटेनन्सचं अ‍ॅप, शाळेचं अ‍ॅप, दुधाचं अ‍ॅप, त्यात पातेलंभर पुलावासाठी अजून एक कोण घेणार. "आत्या, तू ट्राय तरी कर ना." नाही करणार. जे फोनमध्ये आहे त्यावरच चालवायचं.

ठरलं असं: देणाऱ्यासाठी गुगल फॉर्म, लिफ्टमध्ये क्यूआर कोड. फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ पडणार, तिथून अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटला जोडलेला गुगलचा छोटा प्रोग्रॅम) टेलिग्रामवर स्वयंसेवकांच्या ग्रुपला मेसेज टाकणार. टेलिग्राम का, तर बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं खातं, फुकटात बनतो. घेणाऱ्यांनी काहीच डाउनलोड करायचं नाही, त्यांना स्वयंसेवक फोन करणार किंवा सरळ जाऊन सांगणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

फॉर्मवर संध्याकाळ गेली. भाच्याच्या मसुद्यात चौदा प्रश्न होते, अ‍ॅलर्जीपासून डब्याच्या मापापर्यंत. रात्री साडेदहाला पाहुणे गेल्यावर ओट्यासमोर उभी असलेली बाई चौदा प्रश्न भरणार नाही, ती झाकण उघडून सरळ डस्टबिनमध्ये ओतणार. पाच ठेवले: काय आहे, साधारण किती जणांना पुरेल, व्हेज की नॉनव्हेज, फ्लॅट नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचा, गॅसवरून कधी उतरवलं.

त्या शेवटच्या प्रश्नावर बराच वाद झाला. भाचा म्हणे फॉर्म भरल्याची वेळ शीटमध्ये आपोआप येतेच की. येते, पण ती बाईला आठवण झाल्याची वेळ. भात साडेबाराला झालेला असतो आणि फॉर्म पाचला येतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधला पट्टा जिवाणूंच्या सोयीचा, आणि ऑगस्टमध्ये ठाण्यातलं किचन दिवसरात्र त्याच पट्ट्यात असतं. भात तर अजून वाईट, कारण बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की उगवतात आणि त्यातला एक प्रकार असं विष सोडतो जे नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "उकळून घ्या, काही होत नाही" हे आईपासून सगळ्यांनी शिकवलेलं इथे लागू पडत नाही. काकूंना हे पटायला वेळ लागला, मग त्यांनीच हे चार ओळींत सोप्या मराठीत लिहून लिफ्टमध्ये लावलं.

आमचा नियम: बाहेर राहिलेला भात दोन तास, बाकी शिजवलेलं चार तास, उतरवल्यापासून मोजायचे. ओल्या नारळाची चटणी, मासे आणि कापलेली फळं घ्यायचीच नाहीत. वेळ संपली की स्क्रिप्ट स्वतःच मेसेज बदलून "मुदत संपली" लिहिणार, कुणाशी वाद घालायला नको.

१० ऑगस्ट, रविवार

आज कचऱ्याजवळ सकाळ गेली. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत करायचं मशीन आहे, २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं होतं त्यामुळे आलेलं, आणि हाऊसकीपिंगच्या मावशी त्याचं रोजचं वजन वहीत लिहितात. मला वाटलं अरे वा, आयती आकडेवारी, प्रकल्प सुरू व्हायच्या आधीचं वजन आणि नंतरचं वजन, झालं काम.

मावशी हसल्या. म्हणाल्या ताई यात अन्न कुठाय, बघा ना. आणि बादली कलंडून दाखवली. कणसाची सालं, नारळाची शेंडी, चहाचा चोथा, मेथीच्या जुड्यांचे देठ, श्रावण असल्यामुळे केळीची सालं आणि देवाची फुलं, आणि तळाला कुठे अर्धी पोळी, थोडा भात. वजन सगळं सालींचं आणि पाण्याचं. शिजलेलं अन्न यात दिसलंच तर सोमवारी सकाळी दिसतं, रविवारच्या पार्ट्यांनंतर, तेव्हा अख्खी पिशवी असते बिर्याणीची, असं त्या म्हणाल्या.

आता युनेपच्या (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) २०२४ च्या अहवालात भारताचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे, घरात वाया जाणाऱ्या अन्नाचा. दिवसाला दीडशे ग्रॅम. हा आकडा वाचून लोक दचकतात, पण त्यात खाता न येणारा भागही धरलेला आहे, साली, हाडं, कोयी. त्यामुळे आमचा मशीनवाला आकडा प्रकल्पाचं यशापयश मोजायला निरुपयोगी. मावशींना विनंती केलीये की शिजलेलं अन्न दिसलं तर वेगळ्या निळ्या बादलीत टाकायचं आणि वहीत फक्त पाव, अर्धी, पूर्ण एवढं लिहायचं. त्यांनी मान्य केलं, पण आधी विचारलं की हे काम पगारात धरणार का. बरोबर आहे त्यांचं. सेक्रेटरींशी बोलून महिन्याचे थोडे पैसे ठरवले.

१३ ऑगस्ट, बुधवार

तांत्रिक नोंद, ज्याला नको त्याने पुढे जावं.

बॉटच्या मेसेजखाली "मी नेतो" असं बटण आहे. दोघांनी एकाच सेकंदाला दाबलं तर दोघांनाही आपलंच वाटून दोघं त्याच फ्लॅटची बेल वाजवणार, म्हणून लॉक सर्व्हिस लावली, पहिल्याची ओळ लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो आणि मग त्याला "आधीच घेतलंय" दिसतं. नेणाऱ्याचं नाव मूळ मेसेजमध्येच छापलं जातं. दुसरं, टेलिग्राम वेबहुकवर (बॉटचे निरोप तो ज्या पत्त्यावर पाठवतो तो) साधा २०० मागतो, म्हणजे 'मिळालं' अशी पोच, आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून टेक्स्ट आउटपुट परत केलं की ते ३०२ ने दुसऱ्या पत्त्याकडे वळवलं जातं, मग टेलिग्रामला वाटतं निरोप पोचलाच नाही आणि तो तोच निरोप परत परत पाठवतो. एचटीएमएल आउटपुट परत केलं की प्रश्न मिटतो, शिवाय प्रत्येक निरोपाचा नंबर साठवून ठेवतोय आणि आधी येऊन गेलेला असला तर सोडून देतोय. मुदत तपासणारा ट्रिगर दर पाच मिनिटांनी आपोआप चालतो. भाच्याने हे सगळं कॉलेजच्या प्रोजेक्टला दाखवायचं ठरवलंय, दाखवू दे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस असा की शाळांना सुट्टी, निम्मी सोसायटी घरूनच काम करतेय. आणि आजच फॉर्म पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाजला. डी विंगमध्ये बारशाचं जेवण होतं, पाहुणे कल्याण-डोंबिवलीहून येणार होते, अर्ध्यांनी वाटेतूनच फोन करून माघार घेतली. पुऱ्या, बटाटा भाजी, श्रीखंड, जिरा राईस.

काकूंच्या डोक्यात होतं की माजिवड्याजवळच्या एका संस्थेकडे पाठवू. गाडीवाल्याने घोडबंदरचं नाव काढताच नकार दिला, आणि खरंच, मेट्रोचं काम, खड्डे आणि गुजरातकडे जाणारे ट्रेलर, साध्या दिवशी तास जातो तर आज काय झालं असतं. भाताचे दोन तास असे रस्त्यातच संपतात. तेव्हा आज ठरलं की भातासारखं नाजूक जे आहे ते पायी दहा मिनिटांच्या आतच द्यायचं. नकाशावर वर्तुळ काढून बघितलं तर त्यात येतात: आमचेच वॉचमन आणि हाऊसकीपिंग, शेजारच्या बांधकामावरचे पत्र्याचे शेड, सर्व्हिस रोडवरचं गॅरेज, आणि सीएनजी पंपाची रिक्षांची रांग. आजचं जेवण शेडमध्ये गेलं, एक वाजता, जेवायच्या वेळेला, त्यामुळे सगळं खपलं. श्रीखंड आधी संपलं.

२४ ऑगस्ट, रविवार

फ्रिज. क्लब हाऊसमध्ये एक जुना फ्रिज पडून होता, तो सामायिक फ्रिज करू असा काकूंचा आग्रह. अशी उदाहरणं आहेत, कोचीत एका रेस्टॉरंटबाहेर २०१६ ला 'नन्मा मरम' नावाने फ्रिज ठेवला गेला, २०१७ ला चेन्नईत बेसंट नगरला 'अय्यमिट्टू उण्ण', कुणीही ठेवावं कुणीही न्यावं. मी शिजवलेल्याला नकार दिला, न फोडलेली पाकिटं, ब्रेड, सीलबंद दही, अख्खी फळं-भाज्या एवढंच.

भाच्याने आत तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर टाकला, ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडून, दर दहा मिनिटांनी तापमान शीटमध्ये. (हाच सेन्सर तो भातात खुपसायला निघाला होता. टोक स्टीलचं असलं तरी वायर जेवणात बुडवायच्या लायकीची नाही, जेवणासाठी किचनचा वेगळा थर्मामीटर आणलाय.)

आणि आज ग्राफ बघितला तर मजा. संध्याकाळभर ४ अंश, छान सरळ रेघ, आणि रात्री सव्वादहाला रेघ वर चढायला लागते ती चढतच जाते, सकाळी साफसफाईच्या वेळेला १४, मग परत उतरत उतरत दुपारपर्यंत ५. रोज हेच. कारण क्लब हाऊस बंद करताना रात्री मेन स्विचच खाली करतात, वीज वाचवायला, कमिटीचाच नियम आहे. दुपारी फ्रिज उघडून हात लावणाऱ्याला तो गारच लागणार. सेन्सर नसता तर हे कळलंच नसतं, दही फुगल्यावर कळलं असतं. इलेक्ट्रिशियनने फ्रिजची लाईन वेगळी काढून दिली आणि ८ च्या वर गेलं की बॉट मला आणि वॉचमन काकांना मेसेज करतो. आतापर्यंतच्या सगळ्या तंत्रज्ञानात खऱ्या कामाची ही एकच गोष्ट वाटतेय मला, बाकी फॉर्म-बिर्म वहीवरही चाललं असतं.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. पुरणपोळ्या दिवसभर येतायत, पुरणपोळीला घाई नाही, ती उद्याही चांगली. कटाची आमटी मात्र चार तासांतलीच. फ्रिजमध्ये केळी इतकी झालीत की दार लागत नाही. आज एवढंच, माझ्याही घरी गौरी आहेत.

४ सप्टेंबर, गुरुवार (लिहितेय रात्री दीडला)

सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद. मसालेभात, पुरी, वाटाणा बटाटा, काकडीची कोशिंबीर, शिरा. आचाऱ्याला ४०० पानांची ऑर्डर होती.

साडेनऊला शेवटची पंगत आटोपली तेव्हा मसालेभाताचा एक टोप जवळपास भरलेला, पुऱ्यांची टोपली अर्धी, शिरा थोडा. मी थर्मामीटर घेऊन गेले, आचारी कुतूहलाने बघत होता. टोपाच्या मधोमध ६८, आणि कडेला, बोटभर आत, ४७. एकाच टोपात. वरून वाफ येतेय म्हणून गरम आहे असं आपण समजतो पण कडेचा भात केव्हाच त्या वाईट पट्ट्यात आलेला. आणि मधला गरम भात झाकण ठेवून तसाच सोडला तर रात्रभर हळूहळू निवत राहणार, ते तर सगळ्यात वाईट. आचाऱ्याला विचारलं कधी उतरवला, तो म्हणाला हा दुसरा टोप, साडेआठ वाजले होते. म्हणजे हातात जेमतेम एक तास.

शेडवर फोन केला. मुकादम म्हणाला दीदी, सब खाना खा के सो गए, हमारे यहाँ साढ़े सात बजे खाना हो जाता है, आप सात बजे लाते तो बात थी। आता हे आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलं उरतं रात्री दहाला आणि कामावरून येणारा माणूस सातला भुकेला असतो, त्याची चूल साडेसहाला पेटलेली असते. मधले तीन तास कुठलाही बॉट भरून काढणार नाही.

मग दहाला जागं कोण? नाईट शिफ्टचे वॉचमन आणि पंपावरचे रिक्षावाले. मी आणि भाचा पुड्या घेऊन पंपावर गेलो. पहिल्याच रिक्षावाल्याने हात जोडले, "नको ताई, घरी जेवण वाट बघतंय," आवाजात जरा धार होती आणि मला ती समजली, रात्री दहाला कुणीतरी अनोळखी माणूस येऊन बाजूने पुडी पुढे करतो तर मीही नसती घेतली. भाचा म्हणाला आत्या, असं हातात नको. परत गेलो, पंगतीचं टेबल उचलून गेट नंबर २ च्या बाहेर ठेवलं, गणपतीच्या मंडपातून आरतीचा आवाज येतच होता, वर महाप्रसादाचा बोर्ड, आणि आमच्याच विंगची मुलं तिथे उभी राहून परत खायला लागली (मुलांची भूक). वॉचमन काकांनी स्वतः पत्रावळ घेतली. मग एक रिक्षा थांबली, मग दुसरी, मग मागे टेम्पोवाला, मघाचा रिक्षावाला पण आला आणि त्याने शिरा दोनदा मागून घेतला. साडेदहाला टोपात तळाला जे होतं ते मी टाकायला लावलं. काकू नाराज झाल्या, अन्न टाकताना त्यांच्याने बघवत नाही, मलाही कुठे बघवतं. पण घड्याळ म्हणजे घड्याळ.

आवरताना आचाऱ्याला विचारलं, इतकं का उरतं हो दर वर्षी. तो टोप घासायला देत म्हणाला, "ताई, कमी पडलं तर शिव्या मला पडतात. उरलं तर कोण काय बोलतं?"

११ सप्टेंबर, गुरुवार

कमिटी मीटिंग. खजिनदारांचा प्रश्न, कुणाला काही झालं तर जबाबदार कोण. प्रश्न वाकडा नाही. एफएसएसएआयचे (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ चे आहेत, १ जुलै २०२० पासून लागू, त्यांची प्रिंट घेऊनच गेले होते. ते मुख्यतः हॉटेलं, कॅटरर आणि वाटप करणाऱ्या संस्थांसाठी लिहिलेत, शेजारणीने शेजारणीला दिलेल्या वाटीसाठी नाहीत, पण त्यातून शिस्त उचलता येते: काय आहे, कुठून आलं, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, व्हेज-नॉनव्हेज, हे प्रत्येक डब्यावर. आम्ही फॉर्म भरला की छोटं लेबल तयार होईल असं केलंय, सोसायटी ऑफिसच्या प्रिंटरवर निघतं.

तासभर चाललं, शेवटी चहा झाला आणि मंजूर झालं. एक अट, लिफ्टमधल्या क्यूआरवर सोसायटीचं नाव नको. बरं.

मी दुसराच मुद्दा मांडला ज्यासाठी खरं तर गेले होते. आचाऱ्याचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला ऑर्डर द्यायच्या आधी ग्रुपवर पोल टाकायचा, "येणार का" असा नाही, "घरातले किती जण जेवणार" असा, एक ते सहा. हो-नाही विचारलं की सगळे हो म्हणतात, हो म्हणायला काय जातंय. आकडा विचारला की माणूस बायकोला विचारतो. पोल कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी बंद, कारण आचारी किराणा दोन दिवस आधी भरतो. आणि भात दोन टोपांत, दुसऱ्याचे तांदूळ धुवून तयार ठेवायचे पण पंगतीचा अंदाज आल्याशिवाय चढवायचे नाहीत. पुऱ्यांचं तसंच, पीठ मळलेलं असू दे, तळायचं लागेल तसं. आणि सगळ्यात मुख्य, कमी पडलं तर आचाऱ्याला कुणी बोलायचं नाही, अध्यक्षांनी हे स्वतः ग्रुपवर लिहायचं. अध्यक्ष जरा बघतच राहिले पण लिहितो म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. फॉर्म सकाळपासून वाजतोय आणि सगळीकडे एकच मेनू, खीर, वडे, अळूवडी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. देणारे भरपूर आणि घेणारे कुणी नाही, कारण ज्याच्या घरी द्यायला आहे त्याच्या घरी तेच आहे. वॉचमन काका: "ताई, खीर नका सांगू आता, सकाळपासून पाच घरची झाली."

एक अडचण वेगळीच निघाली. स्वयंपाक अकराला तयार, पण कावळा शिवेपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही, आणि बाविसाव्या मजल्यावर कबुतरांची जाळी लावलेली, कावळा येणार कुठून. लोक पानं घेऊन टेरेसवर, पोडियमवर, पार्किंगच्या भिंतीवर. कावळे तरी किती घरी जेवतील. तोवर इकडे घड्याळ चालू. एका आजोबांनी शेवटी सरळ गच्चीतून "या रे बाबांनो" असं ओरडून हाक मारली आणि खरंच एक आला, तर शेजारच्या दोन घरांनी आपली पानं तिथेच सरकवली.

पण दुपारची वेळ असल्यामुळे शेडचं जमलं. मुकादमाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी दुपारची चूलच पेटवली नाही. साडेबाराला भाचा आणि डी विंगची दोन मुलं ट्रॉलीवरून डबे घेऊन गेली. आदल्या दिवशी दिलेला एक फोन हा बॉटच्या महिनाभराच्या मेसेजांपेक्षा जास्त कामाला आला, म्हणून शीटमध्ये 'उद्या उरण्याची शक्यता' असा एक रकाना वाढवलाय. सण, पूजा, वाढदिवस ज्यांच्याकडे आहे त्यांनी आदल्या दिवशी टिक करायची.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज अन्ननासाडीविषयी जागरूकतेचा आंतरराष्ट्रीय दिवस, २०२० पासून पाळतात. ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकलं, बत्तीस अंगठे आले. त्याच ग्रुपवर खाली कोजागिरीचा पोल पडलाय त्याला अजून अर्ध्या घरांचं उत्तर नाही. काकू आता दारोदार जाऊन विचारतायत, बेल वाजवून. त्यांना पोल बंद व्हायच्या आत सगळी उत्तरं हवीत, बोर्डाचे पेपर तपासायच्या डेडलाईनसारखं चाललंय त्यांचं.

निळ्या बादलीची वही बघितली. सोमवारची पानं पूर्वी 'पूर्ण' असायची, आता बहुतेक 'अर्धी'. मधले वार आधीही 'पाव' होते, आताही 'पाव'. म्हणजे घरातलं रोजचं उरलेलं कमी झालेलं नाही, ते मुळातच कमी होतं, दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात करणाऱ्या बायका प्रत्येक मजल्यावर आहेत. फरक पडला तो पार्ट्यांच्या पिशव्यांमध्ये.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी झाली. आचाऱ्याच्या वहीत गेल्या वर्षीचं दूध ४० लिटर आणि शेवटी बरंच ओतून दिलेलं, दूध आटवलेलं असलं तरी रात्री बारानंतर कोण पिणार आणि ते ठेवणार कुठे. या वेळी पोलवरून २८ लिटर सांगितलं. खजिनदारांचे हात थरथरत होते ऑर्डर देताना.

ढग होते त्यामुळे लोक उशिरा उतरले, मग सगळे एकदमच आले. पावणेबाराला पातेलं संपत आलं तर मी वाढणाऱ्या मुलांना ग्लास पाऊण भरायला सांगितले. शेवटच्या काही जणांना अर्धाच मिळाला. ए विंगच्या एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, "एवढा मेंटेनन्स भरून अर्धा ग्लास?" त्याखाली अध्यक्षांनी ठरल्याप्रमाणे लिहिलं की कमी मीच सांगितलं होतं, आचाऱ्याचा दोष नाही. त्यावर हसण्याचे इमोजी, मग कुणीतरी काकांना घरी बोलावून दूध पाजायची ऑफर दिली, मग विषय पार्किंगवर गेला. पातेल्यात काही उरलं नाही. बॉटला काल रात्री एकही मेसेज पाठवावा लागला नाही, भाचा जरा हिरमुसलाय, त्याला डेमोसाठी डेटा हवा होता.

पुढची कामं:

पोलचा आकडा आणि प्रत्यक्ष आलेली माणसं यातला फरक दर कार्यक्रमाला शीटमध्ये लिहायचा, दिवाळी पहाटेच्या नाश्त्याला त्यावरून वजावट धरता येईल. आचारी म्हणतो पोलच्या आकड्यातून दहात एक कमी धरा, तो अंदाजाने सांगतोय, बघू.

शेजारच्या दोन सोसायट्यांनी फॉर्म मागितलाय. देऊ, पण शीट वेगळी, आणि मुकादमाला फोन एकाच माणसाने करायचा, तीन सोसायट्यांच्या तीन माणसांनी नाही, तो वैतागेल.

फ्रिजचा रबर गेलाय, दार नीट लागत नाही, रात्री रेघ ७ पर्यंत जातेय.

फॉर्ममध्ये 'फराळ' हा पर्याय टाकायचा, मुदत तासांत नाही, दिवसांत. ओल्या नारळाच्या करंज्या त्यात धरायच्या नाहीत, काकूंनी दोनदा आठवण केलीये.